झोंबी-कथांत जग संपते, मग आठवणींचे काय करायचे?

निवांतवाचक (सोमवार, रात्री ९.४०)

मंडळी, गेल्या पावसाळ्यात पाय मोडला आणि दीड महिना राजारामपुरीतल्या घरात प्लास्टर सांभाळत बसावे लागले. वेळ जावा म्हणून भाच्याने झोंबींच्या कादंबऱ्या, चित्रपट आणि मालिका यांची यादी करून दिली होती, ती मी ओळीने संपवली. सुरुवात चेष्टेने केली होती. पंधरा दिवसांनी मात्र फाटक वाजले की मी आधी पडदा बाजूला सारून येणाऱ्याची चाल पाहू लागलो. (दूधवाला होता. पहाटे साडेपाचला तो तसाच चालतो.)

या कथांची घडी आता माझ्या लक्षात आली आहे. साथ येते, शहरे ओस पडतात, दहा-बारा माणसे उरतात आणि त्यांत दोन जाती असतात. एक जात मागचे सगळे टाकून देते. नाव, गाव, गेलेली माणसे, कशाचाही उल्लेख करायचा नाही. दुसरी जात काही ना काही जवळ बाळगते: बंद पडलेले घड्याळ, कडा उसवलेला फोटो, जे घर आता उभेच नाही त्याची किल्ली. माझ्या हिशेबाने पहिली जात शेवटपर्यंत टिकते, आणि दुसरीतला कोणीतरी विसरलेला फोटो आणायला माघारी वळतो आणि चावून घेतो.

त्यामुळे माझे मत असे झाले आहे की तगून राहायचे असेल तर आठवण ही चैन आहे, आणि या कथा एवढे तरी प्रामाणिकपणे सांगतात. आशा धरायचीच तर ती उद्याची धरावी, कालची नव्हे. आपल्याला हे पटते का? आणि दुसरा प्रश्न असा की पाव तासात कोल्हापूर सोडायचे ठरले तर आपण काय उचलाल? पुस्तकी उत्तरे नकोत. घर सोडून निघण्याचा सराव आपल्या गावाला पुरेसा आहे.

करवीरकाठ (सोमवार, रात्री ९.५२)

शीर्षक वाचून मी आनंद यादवांच्या ‘झोंबी’वर चर्चा असेल म्हणून चहा तसाच ठेवून आलो. कागलच्या मातीतली अस्सल झोंबी घरात असताना आपण परदेशी मढ्यांच्या मागे का लागलात, हे कळले नाही. चहाही गार झाला.

तालीमबाज (सोमवार, रात्री १०.०५)

खासबागेत झोंबी पाहायला माणसे तिकीट काढून जात, आणि हे धागालेखक झोंबी दिसली की पळायला सांगत आहेत. काळ बदलला, एवढेच म्हणतो.

रोखठोक (सोमवार, रात्री १०.३०)

प्रश्न चांगला आहे, पण हा साहित्यप्रकार त्या प्रश्नाच्या लायकीचा नाही. या कथा म्हणजे अमेरिकी मध्यमवर्गाचे दिवास्वप्न आहे. शेजारी एकदाचा माणूस राहिला नाही, म्हणजे त्याच्यावर गोळी झाडायला हरकत नाही. दुकानाला मालक उरला नाही, म्हणजे डबाबंद अन्न फुकट. कर्जाचा हप्ता नाही, साहेब नाही, भाऊबंदकी नाही. जग बुडाल्याचे दुःख तिथे कोणाला होते? मला तर सुटका झाल्याचा आनंदच दिसतो. ज्यांना मुळात जुने आयुष्य नकोसे झाले होते, त्यांना आठवणी ओझे वाटणारच. त्यावरून माणसाच्या स्वभावाविषयी सिद्धांत काढू नयेत.

मोडीवाचक (सोमवार, रात्री ११.१०)

रोखठोक यांचे म्हणणे गेल्या पन्नास-साठ वर्षांतल्या बऱ्याच चित्रपटांना लागू पडते, पण झोंबी अमेरिकी नाही. त्याचे मूळ हैतीत आहे, म्हणजे जुन्या फ्रेंच वसाहतीत, जिथे आफ्रिकेतून पकडून आणलेले गुलाम उसाच्या मळ्यांत मरेपर्यंत राबवले जात. मरण आले की आपला जीव आफ्रिकेला परत जाईल, एवढीच सुटकेची वाट त्यांना दिसत असे. झोंबी म्हणजे ती वाटही बंद झालेला माणूस: मेल्यावर कोणीतरी उठवून पुन्हा कामाला जुंपलेला, स्वतःचे नाव विसरलेला. तिथल्या माणसाला झोंबी चावेल अशी धास्ती नव्हती. आपलीच झोंबी होईल अशी धास्ती होती. गुलामांनी लढून १८०४ मध्ये देश स्वतंत्र केला तरी ती धास्ती गोष्टींतून राहिली. १९२९ मध्ये एका अमेरिकी प्रवाशाच्या पुस्तकाने ती अमेरिकेत नेली, १९३२ मध्ये तिच्यावर चित्रपट निघाला, आणि १९६८ मध्ये जॉर्ज रोमेरो यांनी माणसे खाणारी मढी पडद्यावर आणली. गंमत म्हणजे त्या १९६८ च्या चित्रपटात झोंबी हा शब्द एकदाही येत नाही.

ऊस, फड आणि दुसऱ्याच्या मुकादमीखाली राबणारी माणसे आपल्या पट्ट्याला परकी नाहीत, म्हणून हे विस्ताराने लिहिले. निवांतवाचक, मूळ कथेत विसरणारा तगत नाही. जो विसरला तोच झोंबी झाला.

पिंपळावरचा (मंगळवार, सकाळी ७.१५)

मोडीवाचकांचा शेवटचा मुद्दा पुढे नेतो. आपल्याकडची भुते पाहा. मुंजाचे लग्न राहिलेले असते, म्हणून तो पिंपळावर बसून राहतो. बाळंतपणात गेलेल्या बाईची हडळ होते, कारण तिचा जीव पोरात अडकलेला असतो. कोणाचे धन पुरलेले असते, कोणाचा बांध कोरलेला असतो. आपले भूत म्हणजे नुसती आठवण. तिला देह मिळेना म्हणून ती दुसऱ्याचे झाड धरते. झोंबीचे अगदी उलटे आहे, देह शाबूत आणि आत कोणी नाही. त्यामुळे आपल्या भुताशी बोलता येते, त्याला काय हवे ते विचारता येते, दहीभाताचा उतारा टाकता येतो. झोंबीपुढे उतारा टाकून पाहा, तो टाकणाऱ्यालाच खाईल.

म्हणून मला वाटते की मराठीत ही कथा रुजायला वेळ लागला. २०२२ मध्ये ‘झोंबिवली’ आला, पण तोही डोंबिवलीत घडतो. गावाकडे झोंबी आणायची तर आधी ती कोणत्या भावकीतली, हे ठरवावे लागेल.

उद्यमनगरचा फिटर (मंगळवार, सकाळी ८.००)

आठवणींचे विद्वानांनी पाहावे. मला या मालिकांत गाडी सुरू होते त्या प्रसंगी उठून जावेसे वाटते. जग संपून सात वर्षे झालेली असतात, रस्त्याकडेला धूळ खात पडलेल्या मोटारीत किल्ली फिरवतात आणि ती पहिल्या झटक्यात सुरू होते. पेट्रोलमधला हलका भाग उडून जातो, उरलेल्याचा डिंकासारखा चिकट थर बसतो, आणि वर्षभर टाकीत पडून राहिलेल्या पेट्रोलवर इंजिन लागेल अशी हमी मी देणार नाही. बॅटरीने तर त्याआधीच मान टाकलेली असते.

ज्यांना खरोखर तगायचे आहे त्यांनी एखाद्या जुन्या विहिरीवरचे ऑईल इंजिन शोधावे, आणि ते बहुधा आमच्याच उद्यमनगरात बनलेले निघेल. एक सिलिंडर, मोठे फ्लायव्हील, बॅटरी नाही, प्लग नाही. १९०० च्या पॅरिसच्या प्रदर्शनात डिझेल इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवले होते, तेव्हा तेलाची चिंता शेंगा पिकवणाऱ्या मुलखाने करू नये. डिकॉम्प्रेशनचा खटका उचलून धरायचा, दोन्ही हातांनी हँडल फिरवायचे, चाकाला वेग आला की खटका सोडायचा. पहिला ठोका पडताच हँडल निघून हातात आले पाहिजे. अंगठा दांड्याभोवती आवळलेला असेल आणि इंजिन उलटे मारले, तर मनगट जाते. अंगठा बाकीच्या बोटांच्या बाजूनेच ठेवायचा, हे माझ्या वडिलांनी माझ्या हातावर हात ठेवून शिकवले. लिहिताना ध्यानात आले की हीसुद्धा आठवणच झाली. असो.

पाव तासात काय उचलणार, याचे माझे उत्तर मीठ हे आहे. जग संपले तरी आपल्याकडे गूळ आहे, दूध आहे, भात आहे, मिरची आहे. मीठ मात्र सगळे समुद्राकडून येते. घाट बंद झाले की लोणचे बंद, आणि कातडे मिठाशिवाय टिकत नाही, म्हणजे चप्पलही बंद.

करवीरकाठ (मंगळवार, सकाळी ८.१२)

म्हणजे जग संपल्यावर कोल्हापुरात पांढरा रस्सा मिळेल, पण अळणी. त्यापेक्षा चावून घेतलेले बरे.

मोडीवाचक (मंगळवार, सकाळी ९.३०)

फिटरसाहेब, आपण नकळत अगदी नेमक्या जागी हात घातला आहे. हैतीतल्या लोककथांत झोंबीला अळणीच जेवण देतात, आणि त्याचे कारण असे की मिठाचा कण जिभेला लागला तर त्याला शुद्ध येते. आपण कोण होतो, आपण मेलो आहोत आणि कोणासाठी तरी राबतो आहोत, हे सगळे त्याला एकदम आठवते, आणि तो मालकाला सोडून स्वतःच्या थडग्याची वाट धरतो. काल मूळ सांगताना हे लिहायचे राहून गेले होते.

सासुरवाशीण (मंगळवार, सकाळी ९.४४)

मी या धाग्यावर फक्त वाचायला आले होते, पण आता राहवत नाही. आपल्याकडे खाल्ल्या मिठाला ‘जागतात’. आजवर हजार वेळा हे बोलले असेन, पण त्यातल्या जागण्याकडे माझे कधी लक्ष गेले नव्हते.

पिंपळावरचा (मंगळवार, सकाळी ९.५०)

फरक एवढाच, सासुरवाशीणताई, की आपल्याकडे मिठाला जागणारा मालकाशी इमान राखतो आणि हैतीत जागणारा मालकाला सोडून जातो. आपली म्हण बहुधा मीठ देणाऱ्याने केलेली असावी.

प्रयागची लेक (मंगळवार, दुपारी २.२०)

निवांतवाचकांनी पुस्तकी उत्तर नको म्हटले आहे, म्हणून हे थोडे लांबवते. माझे माहेर प्रयाग चिखलीचे. २००५ चा पूर ओसरल्यावर वडिलांनी सोप्यातल्या खांबावर, पाणी जिथवर चढले होते तिथे, तांबड्या ऑईलपेंटने रेघ ओढून साल लिहिले होते. ती रेघ आमच्या घरात देवासारखी होती. नवीन कपाट घेतले तर त्याचे पाय किती उंच करायचे, धान्याची कणगी कुठे ठेवायची, सगळे त्या रेघेला विचारून होत असे.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्याची पातळी धोक्याच्या ४३ फुटांवर गेली तेव्हा मी फोनवर म्हटले, निघा. वडील म्हणाले, पाणी रेघेला शिवल्याशिवाय काळजीचे कारण नाही, आणि सामान रेघेच्या वर हातभर चढवून ठेवले आहे. पाणी ५५ फुटांच्या वर गेले. रेघ कधी बुडाली ते रात्रीच्या काळोखात कोणाला कळलेही नाही. वडिलांनी गळ्याएवढ्या पाण्यातून गोठ्यात जाऊन विळ्याने म्हशींची दावी कापली, आणि सकाळी त्या दोघांना नावेतून काढले. शिबिरात भेटले तेव्हा आईच्या मुठीत दाव्याचा एक तुकडा होता, कापलेल्या टोकाला सुंभ पिंजारलेले. सोने डब्यातच राहिले होते. तिला विचारले तर तो हातात कसा आला हे तिला सांगता येईना.

तिन्ही म्हशी गेल्या असे आम्ही धरून चाललो होतो. नवव्या दिवशी एक म्हैस आपली आपण परत आली आणि पडलेल्या गोठ्याच्या चिखलात, ज्या खुंट्याला ती बांधलेली असायची त्याच जागी, तोंड भिंतीकडे करून उभी राहिली. भिंत नव्हती, पण ती जिथे असायची तिकडे तोंड होते.

निवांतवाचक म्हणतात तसे आमच्या आठवणीनेच आम्हाला बुडवत आणले होते, हे मी नाकारत नाही. पण २०२१ च्या जुलैमध्ये पातळी इशाऱ्याच्या ३९ फुटांना लागली त्याच दिवशी वडील म्हशी घेऊन स्वतःहून बाहेर पडले. त्या वर्षीही पाणी घरात शिरले, आणि घरात कोणी नव्हते. खांबावर आता तीन रेघा आहेत.

निवांतवाचक (मंगळवार, दुपारी ३.०५)

ताई, आपला प्रतिसाद दोनदा वाचला. ‘चैन’ हा शब्द मागे घेतो. बाकीच्या मताचे काय करायचे ते ठरवत आहे.

रोखठोक (मंगळवार, दुपारी ४.१५)

अनुभवाविषयी पूर्ण आदर ठेवून एक भेद करतो. खांबावरची रेघ ही माहिती आहे, मुठीतले दावे ही आठवण आहे. तगायला माहिती लागते. वडील २०२१ मध्ये निघाले ते जास्त चांगल्या माहितीमुळे. या दोहोंची गल्लत केली की मग प्रत्येक गोष्टीला ‘आठवणीने तारले’ असे म्हणता येते, आणि चर्चा गोडगोड होते.

प्रयागची लेक (मंगळवार, सायंकाळी ५.००)

दादा, माहिती २०१९ मध्येही होती. तलाठी येऊन सांगून गेले होते, रेडिओवर आकडे येत होते, राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडल्याचे मोबाईलवर आले होते. आकडा तोच, ऐकणारा माणूसही तोच. दोन वर्षांनी तो आकडा ऐकताना वडिलांना काळोखातल्या गोठ्याचे पाणी गळ्याशी लागत होते. आपण याला माहिती म्हणावे, माझी हरकत नाही.

रोखठोक (मंगळवार, सायंकाळी ५.२०)

यावर माझ्याजवळ लगेच उत्तर नाही, हे मान्य करतो.

तालीमबाज (मंगळवार, सायंकाळी ५.२३)

रोखठोक यांना चीतपट झालेले या संस्थळावर पहिल्यांदा पाहिले. फेटा बांधायला कोणाला तरी बोलवा.

परतलेला (मंगळवार, रात्री ९.१५)

या कथांत तटबंदी असते, आतली माणसे आणि बाहेरची मढी. मी तटाबाहेर उभा राहिलेलो आहे, म्हणून लिहितो. २०२० च्या टाळेबंदीत मुंबईतले काम बंद पडले आणि मे महिन्यात बायको-मुलांसह गावी आलो. गावाचे नाव लिहीत नाही. वेशीवर बाभळीच्या काटेरी फांद्यांचे फेस टाकलेले होते आणि पलीकडे माझ्याच वर्गातली मुले काठ्या घेऊन उभी होती. त्यांनी मला ओळखले नाही असे नव्हे. नावाने हाक मारूनच त्यांनी मला लांब थांबायला सांगितले. चौदा दिवस शाळेत राहिलो, ज्या खोलीत चौथीला बसत होतो त्याच खोलीत. जेवण दारापासून दहा पावलांवर ठेवून जात.

मला त्यांचा राग आला होता आणि थोडा अजूनही आहे. पण चौथ्या दिवसापासून डब्यात खरवस येऊ लागला. कोणी ठेवला ते आजतागायत कळले नाही. लहानपणी मला खरवस किती आवडायचा हे माहीत असलेली चार-पाचच माणसे त्या गावात आहेत, आणि त्यांतली दोन फेसांपलीकडे काठ्या घेऊन उभी होती.

झोंबी-कथांत तटबंदीच्या आत-बाहेरची ही सरमिसळ फार थोड्या ठिकाणी येते. २०१६ च्या ‘ट्रेन टू बुसान’मध्ये वाचून आलेल्या माणसांना डब्यातली धडधाकट माणसे आत घेत नाहीत, तो प्रसंग मला पुरता पाहवला नाही.

मोडीवाचक (मंगळवार, रात्री १०.००)

परतलेला यांचे वाचून मरीआईचा गाडा आठवला. पटकीची साथ आली की अनेक गावांत देवीचा छोटा गाडा करून, त्यात नैवेद्य ठेवून, वाजतगाजत शिवेपार नेऊन सोडत. पुढच्या गावाने तो आपल्या शिवेत राहू द्यायचा नाही, आणखी पुढे ढकलायचा. रोगराई शेजारच्या गावाला आहेर करण्याची ही रीत कोणालाही क्रूर वाटली नाही.

दुसरी बाजूही आहे. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि पुढच्या काही वर्षांत तो शाहू महाराजांच्या करवीर संस्थानातही पोहोचला. उंदीर पडू लागले की गाव रिकामे करून माणसे रानात झोपड्या घालून राहत, आणि साथ सरली की परत येत. पुढे १९१८ च्या इन्फ्लुएन्झाला आपल्या लोकांनी ‘मानमोडी’ हे नाव दिले. माझ्या पणजीच्या बोलण्यात वर्षे नसत; अमका प्लेगात जन्मला, तमकी मानमोडीत गेली, असेच मोजमाप होते. ज्या जगाचा शेवट झाला त्याच्याच नावाने ती पुढच्या पोरांची वये मोजत होती.

झाडाखालचा (मंगळवार, रात्री १०.०४)

पॉपकॉर्न घेऊन बसलो होतो, ते आता बाजूला ठेवले आहे.

मडकेवाली आई (बुधवार, सकाळी १०.४०)

या कथांत माझ्या मुलीसारखी मुले नसतात. तिला टाइप १ मधुमेह आहे, म्हणजे इन्सुलिन थांबले तर झोंबी येण्याची वाटही पाहावी लागणार नाही. लेखक अशा माणसांना पहिल्या दोन पानांतच गाळून टाकतात, आणि मग उरलेल्यांच्या शौर्याची कथा सांगतात. त्यामुळे पाव तासात काय उचलणार, हा प्रश्न माझ्यासाठी कधीच खेळ नव्हता. २०१९ मध्ये आमच्या भागात वीज गेली तेव्हा इन्सुलिनच्या कुप्या ओल्या फडक्यात गुंडाळून पाण्याच्या मडक्यात एका वाटीत ठेवल्या होत्या, आणि मी रात्री दर दोन तासांनी उठून फडके ओले करत होते.

मोडीवाचकांसारखी मी अभ्यासू नाही, पण एक खरी हकीकत मला पाठ आहे. दुसऱ्या महायुद्धात एव्हा सॅक्सल नावाची प्रागची तरुणी नवऱ्यासह शांघायमध्ये अडकली होती. तिला मधुमेह झाला आणि युद्धामुळे इन्सुलिन मिळेनासे झाले. दोघेही डॉक्टर नव्हते. एका वैद्यकीय ग्रंथात इन्सुलिनच्या शोधाच्या वेळची पद्धत दिलेली होती, ती वाचून त्यांनी म्हशींच्या स्वादुपिंडापासून इन्सुलिन काढले, आधी सशांवर तपासले, मग तिने स्वतःला टोचले, आणि मग तिथल्या इतर रुग्णांनाही दिले. गंगावेशीत धारोष्ण दूध प्यायला गर्दी असते तेव्हा मी त्या म्हशींकडे जरा वेगळ्या नजरेने पाहते, हे प्रथमच कोणाला सांगते आहे.

निवांतवाचक, त्या ग्रंथाचे ते पान कोणीतरी ओझे समजून वाटेत टाकले असते तर काय झाले असते, एवढे मनात येते.

उद्यमनगरचा फिटर (बुधवार, सकाळी ११.०५)

ताई, मडक्याला बाहेरून वाळूचा थर देऊन ती ओली ठेवलीत तर गारवा जास्त टिकेल आणि रात्री एवढ्या वेळा उठावे लागणार नाही. एकात एक बसणारी दोन मडकी घ्या, मधल्या फटीत वाळू भरा आणि वर ओले गोणपाट टाका. कुप्या मात्र पाण्यात बुडू देऊ नका.

रंगपटातला (बुधवार, रात्री ९.३०)

उपयोगाच्या आठवणींचे बरेच झाले, आता निरुपयोगी आठवणींच्या बाजूने बोलतो. ‘स्टेशन इलेव्हन’ या २०१४ च्या कादंबरीत झोंबी नाहीत, पण साथीने जग रिकामे झालेले आहे, आणि त्यात एक फिरती मंडळी गावोगाव शेक्सपिअरची नाटके करत हिंडते. वाचताना मी मनात म्हटले होते की पोटाला नाही आणि यांना नाटक सुचते.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. मी तिथे पोहोचलो तेव्हा छप्पर खाली आले होते आणि रस्त्यावर माणसे उभी राहून रडत होती. त्यांतल्या कित्येकांनी वर्षानुवर्षे नाटकाचे तिकीट काढलेले नसेल. माझ्याशेजारी एक म्हातारे हमाल होते, ते मोठ्याने आसनांच्या रांगा मोजत होते, कोणत्या रांगेत कोणती खुर्ची करकरत असे ते सांगत होते. ऐकायला कोणी थांबलेले नव्हते, तरी ते सांगत होते. त्या माहितीचा आता कोणाला काय उपयोग, हे मी रोखठोक यांना विचारत नाही. मी फक्त एवढे सांगतो की घरी येऊन मी ती रांगांची यादी, जेवढी ध्यानात राहिली तेवढी, वहीत लिहून ठेवली.

करवीरकाठ (गुरुवार, सकाळी ७.५०)

पहिल्या दिवशी मी चेष्टा केली होती, त्याची परतफेड करतो. काल रात्री यादवांची ‘झोंबी’ पुन्हा काढली. १९८७ चे पुस्तक, १९९० चा साहित्य अकादमी पुरस्कार, हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्यातल्या पोराला शाळा सुटल्यावर मळ्यात जुंपतात, आणि पुढे शाळाच सोडायला लावतात. मोडीवाचकांनी सांगितलेल्या हैतीतल्या झोंबीसारखेच त्याचे होऊ शकले असते: राबायचे, खायचे, झोपायचे, आणि आपण कोणी वेगळे होतो हे हळूहळू विसरून जायचे. ते पोर विसरायला तयार नाही, हीच त्याची झोंबी आहे. दोन भाषांतले हे दोन शब्द योगायोगाने सारखे निघाले, पण मी पहाटे तीनपर्यंत वाचत बसलो ते त्याच योगायोगामुळे. आजही चहा गार झाला.

निवांतवाचक (गुरुवार, रात्री ८.१०)

मूळ प्रश्नाकडे येतो. काल भाच्याच्या यादीतला १९७८ चा चित्रपट पुन्हा पाहिला, ज्यात माणसे एका मॉलमध्ये आसरा घेतात आणि मढी बाहेर गर्दी करतात. ती इथेच का येतात, असे एकीने विचारल्यावर उत्तर मिळते की जुन्या सवयीची काहीतरी खूण त्यांच्यात उरली असावी. पहिल्या वेळी हे माझ्या लक्षातच आले नव्हते. म्हणजे मढ्यांनाही थोडे आठवते, पण का आठवते ते आठवत नाही. परत आलेल्या म्हशीची आणि त्यांची तुलना करून पाहिली आणि जमली नाही. म्हैस स्वतःच्या खुंट्याशी आली होती.

एवढ्यावरून मी माझे मत पुरते सोडलेले नाही. फोटो आणायला माघारी वळणारा माणूस मरतो, हे अजूनही खरे आहे. पण मी ज्या पहिल्या जातीला शाबासकी दिली होती, ती तगते म्हणजे कोण तगते, हे मी विचारले नव्हते. पाव तासात मी काय उचलणार, याचे उत्तर मात्र ठरले आहे: फिटरसाहेबांच्या सल्ल्याने मिठाची पिशवी, आणि चष्मा.

प्रयागची लेक (गुरुवार, रात्री ९.००)

वडिलांना हा सगळा धागा आज वाचून दाखवला. खरवसापाशी त्यांनी थांबायला सांगितले आणि थोड्या वेळाने पुढे वाच म्हणाले. शेवटी त्यांनी एकच विचारले, की या मढ्यांना पोहता येते का.

उद्यमनगरचा फिटर (गुरुवार, रात्री ९.०८)

पोहता येत नाही, पण काकांना सांगा की त्यांना श्वासही लागत नाही. काही कथांत ती नदीच्या तळावरून चालत येतात.

प्रयागची लेक (गुरुवार, रात्री ९.१५)

सांगितले. ते म्हणतात, तर मग ३९ फुटांनाच निघायचे.